कपितान पेटीत बसत नाही, त्याबद्दल

बुएनाविस्ता, गिमारास
९ मे

प्रिय मानांग पुरिंग,

तुझा उजवा हात इथूनच कपाळाला लावतो. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तुला निवांतपणे वाचता येईल: मी जिवंत आहे. मंगळवारी तुला विनिपेगला फेसबुकवरून दुखवट्याचे जे निरोप आले (इसिंगने मोजले, त्रेसष्ट आहेत, माझ्या निवृत्तीच्या समारंभाला याच्या निम्मीही माणसं नव्हती) ते गैरसमजातून आले होते. शेजारच्या बेबिंगने मेणबत्तीचं चित्र आता काढून टाकलं आहे आणि त्याजागी तिच्या नातवाचं चित्र लावलं आहे. त्या दिवशी फोनवर मी स्वतः सांगत होतो की मी गेलो नाही, तरी तू इतकी रडत होतीस की तुला ते पटायला दहा मिनिटं लागली. त्याबद्दल क्षमस्व. सविस्तर पत्रात कळवतो म्हणालो होतो, ते कळवतो आहे.

तुझा डावा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस की नुसतं कपाटात ठेवलं आहेस? तिकडचं बर्फ गेलं का? संध्याकाळी बसून जेवतेस ना, की ओट्यापाशी उभी राहून पावाचा तुकडा खातेस आणि मला फोनवर ‘जेवले, जेवले’ म्हणतेस? आमचं इकडे बरं चाललंय. इसिंगचा रक्तदाब ताब्यात आहे, माझा तिच्या ताब्यात आहे. आंबे यंदा उदंड आले. हे पत्र पाद्रेंच्या बहिणीच्या हाती देतोय, ती परवा तिकडे निघते. सोबत सुक्या आंब्याची बारा पाकिटं आहेत. तिने अकराच दिली तर मला कळव.

फोनवर बोलायचं सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तर त्या फोनवर हल्ली तोंड दिसतं, आणि माझं तोंड तुला लहानपणापासून वाचता येतं. आपल्या आईच्या, नानायच्या बरणीतली साखर कुणी खाल्ली, ते तू माझ्याकडे नुसतं बघून सांगायचीस. म्हणून पत्र. (म्हणजे, माझ्याकडे लपवण्यासारखं काही आहे असा अर्थ काढू नकोस. सविस्तर लिहिता यावं म्हणून पत्र.)

तर मुद्दा कपितानचा. भावोजी मानोंग रुदी वारल्यावर तू त्या सातव्या मजल्यावर एकटी पडलीस, मुलं टोरांटोला, आणि नोव्हेंबरमध्ये तू म्हणालीस, “तेरियो, नानायचा कुत्रा माझ्याकडे पाठव. घरात कुणाची तरी पावलं वाजायला हवीत.” मी त्याच क्षणी हो म्हणालो. तुला नाही म्हणायची सोय आमच्यापैकी कुणाकडेच नाही. तू परक्या देशात रात्रपाळ्या करून मला मास्तर केलंस. कॉलेजच्या पहिल्या दिवशी माझ्या पायात जे बूट होते, ते तुझ्या पहिल्या पगाराचे. तू उद्या घराचं छप्पर मागितलंस तर मी शिडी लावेन. (शिडी सध्या माझ्याकडे नाही. त्याबद्दल पुढे.) तेव्हा सगळं ठरलं: अठ्ठावीस मे रोजी तिकडे नोकरीला येणारी ती नर्स मुलगी मारिविक विमानाने निघणार, तिच्याबरोबर कपितान. विमान कंपनीची अट एकच, की कुत्रा बंद पेटीत दोन तास शांत बसतो असा नगरपालिकेच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा कागद हवा. कागद नाही तर कुत्रा नाही. सगळं घोडं या कागदापाशी अडलं आहे.

कारण कपितान कसा आहे ते तुला ठाऊक आहे. नानायने त्याला हे नाव ठेवलं तेच मुळी तो आपल्या वस्तीच्या निवडून आलेल्या कपितानपेक्षा जास्त फिरतो म्हणून. सकाळी साडेपाचला बेकरीत हजेरी, आठला माझ्या जुन्या शाळेत झेंडावंदन, दुपारी माझ्या दोस्ताच्या, पारे अम्बोच्या ओसरीवर माशाचे काटे, मग एखादा बाप्तिस्मा, वाढदिवस, लग्न असेल तर तिकडे. चार वाजता धक्क्यावर, इलोइलोहून येणाऱ्या बोटीला. (तो तुझी वाट बघतो असं बेबिंग तुला सांगत असते, ते मनावर घेऊ नकोस. तिथे मासे विकणारी म्हातारी त्याला डोकी टाकते, म्हणून जातो.) असल्या प्राण्याला चार भिंतींच्या आत बसवायचं, तेही भिंती प्लॅस्टिकच्या.

तुझी पेटी फेब्रुवारीत पोचली. मानांग, पेटी रिकामी पाठवणं तुझ्या रक्तात नाही हे मला कळायला हवं होतं. कुत्र्याच्या पेटीतून कॉर्न्ड बीफचे चोवीस डबे, साबण, टॉवेल, कॉफी, अंगाला लावायचं मलम आणि माझ्यासाठी लोकरीचे सहा जोड मोजे निघाले. (इथे चौतीस अंश आहे. मोजे घालून बसलो आहे.) त्यातला एक डबा वाटेत चेपून फुटला होता, त्यामुळे कपितान पहिल्या दिवशी स्वतः होऊन पेटीकडे आला, सगळा तळ चाटून काढला आणि निघून गेला. मी म्हटलं, झालं, काम सोपं आहे. पण इसिंग मध्ये पडली. परदेशातून आलेली नवी वस्तू, तीही तुझ्याकडून, कुत्र्यासाठी वापरायची? तिने पेटीवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही. पेटी बैठकीच्या खोलीत मांडली, वर तिने स्वतः विणलेलं पांढरं आच्छादन घातलं, ते चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबतं, आणि त्यावर नानायची बाळ येशूची मूर्ती, तिचा सांतो निन्यो, बसवली, पुढे दोन फुलदाण्या. दोन आठवडे लोक येऊन बघून गेले. पेटी आहे केवढी! तिकडे कुत्रे घोड्याएवढे असतात की काय? माझी अंगकाठी तुला माहीत आहे. मी त्यात मांडी घालून बसू शकेन. (बसलो असं म्हणत नाही. मापाची कल्पना यावी म्हणून सांगितलं.)

मग पहिली चूक झाली, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून केली. अम्बोने नवी ट्रायसिकल घेतली होती, तिला आशीर्वाद द्यायला पाद्रे आले. घरात नवी वस्तू आली की तिला पवित्र पाणी लागलंच पाहिजे, त्यातून ही पेटी एवढा समुद्र ओलांडून जाणार. इसिंग म्हणाली, पाद्रे, आमच्याकडेही या. मला म्हणाली, प्रवासी पण आत असू दे, दोघांचं एकदम होईल. मी कॉर्न्ड बीफचा तुकडा टाकून कपितानला पेटीत घेतलं, पाद्रेंनी प्रार्थना म्हटली, आणि ते हात राखून पाणी शिंपडणाऱ्यातले नाहीत हे तुला तुझ्या लग्नापासून ठाऊक आहे. कपितानला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती आहे, आंघोळीची. तो पेटीतून निघाला तो थेट कबरस्तानापर्यंत. तेव्हापासून पेटी म्हणजे आंघोळ हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. पाद्रेंचा झगा दिसला तरी तो खाटेखाली जातो. रविवारी त्याने चर्चला जाणंसुद्धा सोडलं.

तरी मी तू पेटीबरोबर पाठवलेल्या कागदावरच्या सूचना सोडल्या नाहीत. छत्तीस वर्षं मुलांना बाकावर बसवलं आहे, कुत्र्याला घाबरणारा मी नव्हे. सक्ती करायची नाही, कुत्र्याने आपणहून आत जावं, जेवण आत द्यावं, दार आधी एक मिनिट लावावं, मग दोन. मी सुका मासा आत ठेवायचो. कपितान मागचे दोन पाय बाहेर ठेवून, अंग इतकं लांबवून मासा ओढायचा की अम्बो म्हणाला, “पारे, कुत्रा विकून मुंगूस आणलंस काय?” मी मासा आणखी आत सरकवला. कपितान आणखी लांबला. मार्चअखेर माझा कुत्रा चार बोटं वाढला होता, पण मागचे पाय काही दाराच्या आत आले नाहीत.

त्यानंतर कोंबडी. तीन दिवस पेटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तेवढ्यात आपली तांबडी कोंबडी तुझ्या टॉवेलवर नऊ अंडी घालून बसली. (फिकट निळा टॉवेल. तो गेला असं समज.) इसिंग म्हणाली, बसलेल्या कोंबडीला उठवायचं नाही. एकवीस दिवस, मानांग. मी एकवीस दिवस रोज सकाळी कोंबडीपुढे वाकून ‘कशी आहेस’ म्हणत होतो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कपितान दाराशी बसून तिच्याकडे बघत असायचा. पुढे पिल्लं निघाली, आठ. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही.

आणि आता मंगळवार. भर दुपारची वेळ, इसिंग बाजारात गेली होती. मी ठरवलं, आज काय तो निकाल लावायचा. दार लागलं. (कसं लागलं हा मुद्दा गौण आहे. त्या खटक्यात दोष आहे, तो बाहेरून दाबल्याशिवाय उघडत नाही.) दार लागलं आणि कपितानने सूर धरला. मानांग, तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. भुंकणं नव्हे, रडणं. मान वर करून, लांब, न थांबता. कुत्रा असा रडला की आपल्याकडे काय समजतात ते तुला सांगायला नको. पहिल्या पाच मिनिटांत बेबिंग आली, दहाव्या मिनिटाला अम्बो बाक खांद्यावर घेऊन आला. मी त्या वेळी जरा आडोशाला होतो, त्यामुळे कुणाच्या नजरेस पडलो नाही. त्यांनी पाहिलं ते असं: दार उघडं, माझ्या चपला उंबऱ्यापाशी, माझा चष्मा टेबलावर, सांतो निन्योसमोर कुत्रा टाहो फोडतोय, आणि मास्तरांचा पत्ता नाही. बेबिंगने छातीवर हात मारला आणि फोन काढला.

अर्ध्या तासात चाळीस माणसं. कुणी कॉफी आणली, कुणी बिस्किटं, अम्बोने दुखवट्याला लागतो तो पत्त्यांचा जोड. परसात आल्याची पेज चढली. (कोंबडी आपलीच. तांबडी नव्हे, दुसरी.) लोक चांगलं बोलले, हे मात्र मला इथे नमूद केलं पाहिजे. शाळेत मी ज्याला तीन वेळा नापास केलं तो म्हणाला की मास्तरांनी मला माणूस केलं. अम्बो तर तेरा वाक्यं बोलला. मी मोजली, म्हणजे मागाहून मला तसं कळलं. मग इसिंग बाजारातून आली, अंगणात बाकं बघितली, बेबिंगने तिला मिठी मारून गळा काढला, आणि आपण विधवा झालो हे तिला तिच्या भाजीच्या पिशवीसकट समजलं. पुढे मी आहे हे उघड झालं, आरडाओरड झाली, खटका अडकल्यामुळे अम्बोने पेटीचे खिळे-बोल्ट काढून ती उघडली. जेवण तयारच होतं, ते वाया कशाला घालवायचं, म्हणून सगळे जेवून, पत्ते खेळून, संध्याकाळी घरी गेले.

आता तूच सांग, यातून कुत्रा काय शिकला? पेटीचं दार लागलं की रडायचं. रडलं की अख्खी वस्ती पेज घेऊन येते. एवढं पक्कं शिक्षण मी छत्तीस वर्षांत कुणाला देऊ शकलो नाही. तेव्हा जड अंतःकरणाने कळवतो की कपितान अठ्ठावीसला निघू शकेल असं दिसत नाही. डॉक्टरीणबाई असल्या कुत्र्याला कागद देणार नाहीत. माझ्याकडून प्रयत्नांत कसूर झाली नाही. देवाची इच्छा. स्वतःला जप.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
तेरियो

ता.क. बेबिंगने फेसबुकवर आणखी एक फोटो टाकला आहे, त्यात कपितान पेटीत चारी पाय वर करून झोपलेला दिसतो. तो तुझ्या बघण्यात आला असेल तर त्यावर जाऊ नकोस. त्या दिवशी त्याची तब्येत ठीक नव्हती.

ता.क. (इसिंगच्या हातचा)
मानांग, मी इसिंग. तुमचा भाऊ पाकीट आणायला गेला आहे, तेवढ्यात लिहिते. यातलं एक अक्षर खरं मानू नका. पिल्लं निघाली त्या दिवसापासून कपितान पेटीतच झोपतो. कोंबडीने पिल्लं अंगणात नेली, हा आतच राहिला. ‘आत’ म्हटलं की जातो, दार लावलं की कूस बदलतो. दोन मे रोजी डॉक्टरीणबाई आल्या, अडीच तास बसल्या, कुत्रा घोरत होता. कागद त्यांनी तिथल्या तिथे दिला. तो तुमच्या भावाने तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवला होता, भात करताना मला मिळाला. कुत्र्याला बंद करून राहवत नाही ते तुमच्या भावाला. दर पाच मिनिटांनी उठून दार उघडतो आणि विचारतो, “बरा आहेस ना रे?” झोपमोड होते बिचाऱ्याची.

आणि मंगळवारी पेटीत कुत्रा नव्हता. तुमचा भाऊ होता. मी बाजारात गेल्यावर आत जाऊन बसला, का ते मला अजून सांगत नाही, आणि दार मागे लागलं. कुत्रा बाहेरून रडत होता. माणसं जमली तरी हा आच्छादनाखाली गप्प, कारण बाहेर त्याचं कौतुक चाललं होतं! पाऊण तास गप्प बसला. शेवटी अम्बो म्हणाला, “ती शिडी मास्तरने जाता जाता मलाच दिली होती,” तेव्हा सांतो निन्योच्या खालून आवाज आला, “दिली नाही, सात वर्षं झाली, परत आण!” दोन बायका चक्कर येऊन पडल्या. मूर्ती मी वेळेवर धरली. शिडी अजून अम्बोकडेच आहे. आला वाटतं.

ता.क. इसिंगने पेनने लिहिलं आहे, त्यामुळे पुसता येत नाही. पत्र पुन्हा लिहायला बसलो होतो, पण पाद्रेंची बहीण बाहेर उभी आहे. तेव्हा थोडक्यात.

मी आत का बसलो ते सांगतो. कागद मिळाला, तारीख जवळ आली, आणि मला कळेना की त्या एवढ्याशा जागेत बंद होऊन तो बावीस तास काय करेल. म्हटलं बघावं. दार लागल्यावर मला आच्छादनाच्या फटीतून अंगणाचा एक तुकडा दिसत होता, वहीच्या पानाएवढा. त्यातून कोंबडी जाताना दिसली, कुणाचे तरी पाय गेले. पहिली दहा मिनिटं मला कपितानचीच काळजी वाटत होती. मग मला एकाएकी तू दिसलीस. सातव्या मजल्यावरची ती खिडकी, आणि तू फोनवर म्हणतेस ना, “आज खाली एक माणूस कुत्रा घेऊन गेला,” आणि मी म्हणतो, “अरे वा.” एवढी वर्षं मी ‘अरे वा’ म्हणत आलो. कपितानला पाहिजे तिकडे जाता आलं असतं, अम्बोच्या ओसरीवर जेवण वाढलेलं होतं, पण तो पेटीपुढून हलला नाही. मी आत होतो तोवर तो रडत होता. आणि मी, मानांग, तुझ्यासाठी एकदाही मोठ्याने रडलो नाही. तू पैसे पाठवायचीस, पेट्या पाठवायचीस, आणि आम्ही त्यावर विणलेलं आच्छादन घालायचो.

तेव्हा जे मागायचं ते मागतो. आयुष्यात पहिल्यांदा तुला नाही म्हणतो आहे, बसून वाच. कपितानला पाठवत नाही. तू ये. नानायच्या रिकाम्या खोलीला मी पिवळा रंग दिला आहे, तुला आवडतो तो. खिडकीला गज लावू दिले नाहीत. पावलं वाजायला हवी असतील तर इथे कुत्र्याची आहेत, आठ पिल्लांची आहेत, अम्बोची आहेत आणि दिवसभर बेबिंगची आहेत. तीन महिने राहून बघ. त्यानंतरही तुला त्याला घेऊन परत जायचं असेल तर मी स्वतः दार लावीन, एकदाही उघडणार नाही, शपथ. पेटी अम्बोने पुन्हा जोडून दिली आहे, तीन बोल्ट उरले.

ता.क. येताना काही भरून आणू नकोस. हात मोकळे ठेवून ये. (कॉर्न्ड बीफ चालेल.)

ता.क. धक्क्यावरच्या त्या मासेवाल्या म्हातारीबद्दल मी वर लिहिलं आहे, तेवढं दुरुस्त करतो. ती मार्चमध्येच धंदा बंद करून लेकीकडे बाकोलोदला गेली. आता तिथे डोकी टाकणारं कुणी नाही. कपितान अजून रोज चारच्या बोटीला जातो, शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबतो, आणि मग घरी येतो. चारच्या बोटीने ये.